अर्धा वळसा वेखंड

जालन्याच्या कादराबादेतलं अत्ताराचं दुकान बंद झाल्याचं मला नाकानं सांगितलं. त्या गल्लीत वळलं की दुकान दिसायच्या आधी वेखंडाचा वास यायचा, त्याच्या मागोमाग ओवा आणि शिकेकाई. परवा नातवासाठी गुटीचं सामान आणायला गेले, तर वास कसलाच नाही. दारात मोबाइलच्या कव्हरांच्या माळा लटकत होत्या. गल्ल्यावरचा पोरगा म्हणाला, "मावशी, गुटी ना? मेडिकलवर रेडिमेड मिळते की."

रिकाम्या पिशवीनं परत आले. खरं तर सामान आणूनही उपयोग नव्हता. लेकीनं आधीच बजावलं होतं, "आई, सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही." तरी मी गेले होते. बाळंतीण घरात आणि वेखंड नाही, हे मनाला पटतच नव्हतं.

आमच्या अंबड तालुक्यातल्या घरी गुटीचा पत्र्याचा डबा होता. हिरडा, बेहडा, मायफळ, जायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, मुरुडशेंग, खारीक, बदाम. सहाण काळ्या दगडाची, मधोमध झिजून खोलगट झालेली. बाळाला न्हाऊ घालून, ओवा-शेपांची धुरी देऊन झाली की आजी सहाण पुढ्यात घ्यायची आणि काकूच्या दुधाचे चार थेंब त्यावर घेऊन उगाळायला बसायची. वळसे मोजायचं काम माझं. खारीक-बदाम सढळ, जायफळ जपून, कारण त्यानं लेकरू गुंगतं. वेखंड अर्धा वळसा. "अर्धा म्हंजे अर्धाच," ती दटावायची. त्याआधी ती दुपटं उलगडून शी बघायची. हिरवट असेल तर एक काडी वाढायची, घट्ट असेल तर दुसरी. कालची गुटी आज तशीच कधी नसायची.

वेखंडाबद्दलची तिची भीती खरी होती. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते घातक ठरल्यामुळं अमेरिकेनं 1968 सालीच खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. आजीला हे कुठून कळणार? पण हात आखडता घ्यायचा, एवढं तिला ठाऊक होतं.

वाचलेलं ज्ञान आजोबांकडं होतं. शंकर दाजीशास्त्री पदे यांचं 'आर्यभिषक्' हे आयुर्वेदाचं पुस्तक त्यांच्या उशाशी असायचं, पुठ्ठा निखळलेलं. ओसरीवर बसून ते मोठ्यानं वाचत आणि उगाळणं, कुटणं, गाळणं आत चालू असे. माझा त्यांच्यावरचा एक राग अजून गेलेला नाही. काकूसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा ते चव बघत बघत निम्मा करायचे. डिंक कमरेला चांगला, हे त्यांनीच वाचून दाखवलेलं. कंबर मोडली होती काकूची. साजूक तूप ज्याच्या भाकरीवर आधी पडतं त्याचीच प्रकृती त्या घरात जपली जायची. आयुर्वेदावरच्या कौतुकाच्या लेखांत हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते.

सामान मात्र आजोबाच जालन्याहून आणत, त्याच अत्ताराकडून. निजामाच्या राज्यात हकीम आणि वैद्य दोघांच्या चिठ्ठ्या एकाच दुकानात यायच्या. त्याच्या फळीवर 'इत्रीफल' नावाचं चाटण असे. हिरडा, बेहडा, आवळा हाच त्याचा पाया. आमचा त्रिफळा युनानीच्या घरी जाऊन गोड होऊन बसलेला. आजीला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोटाला जात कुठून असणार!

आता 1973 चा उन्हाळा. हा मी टाळत होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष. विहिरी तळाला गेलेल्या, रेशनवर लाल मिलो ज्वारी, आई आणि काकू दुष्काळी कामावर खडी फोडायला. काकूचा धाकटा वर्षाचाही नव्हता, त्याला हगवण लागली. आजीनं मुरुडशेंग उगाळली, कुड्याची साल उगाळली. मी वळसे मोजत होते. दुपारी तिनं त्याच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू खोल गेली होती. तिनं सहाण धुतली, भिंतीकडं पालथी घातली आणि म्हणाली, "गाडी जुंपा. हे माझ्या हातचं राहिलं नाही." अंबडला पोचेपर्यंत उशीर झाला होता.

ही पालथी सहाण मला पन्नास वर्षं दिसते आहे. आधी वाटायचं, औषध चुकलं. मग वाटायला लागलं, नशीब. पुढं केव्हातरी बनगावची हकिकत वाचली आणि दोन्ही समजुती गळून पडल्या.

बनगाव पश्चिम बंगालात, सीमेवर. 1971 साली तिथं बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरावीक मापानं पाण्यात कालवून पिंप भरले आणि रोग्यांच्या आया-बहिणींनाच पेल्यांनी पाजायला सांगितलं. दगावणाऱ्यांचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. साखर आतड्याच्या भिंतीतून मिठाला आत घेऊन जाते आणि मिठामागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी राहते. 1978 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत मोठी वैद्यकीय प्रगती म्हटलं.

म्हणजे आमचं लेकरू गेलं, त्याच्या दोन वर्षं आधी हे औषध बनगावात वापरलेलं होतं. आणि ते होतं तरी काय? मीठ आमच्या घरात होतं. साखरही चहापुरती होती. पाजायला आजी होती, चमच्या-चमच्यानं रात्रभर बसली असती. नव्हतं ते फक्त माप. ज्या बाईनं जन्मभर अर्धा वळसा सांभाळला, तिला अर्धा चमचा सांगायला कुणी आलं नाही. बनगाव ते अंबड ही वाट फार लांबची निघाली.

त्यामुळं घरच्या औषधांना सरसकट नावं ठेवणारे मला आवडत नाहीत आणि 'आजीबाईचा बटवा' छापून पुड्या विकणारे त्याहून आवडत नाहीत. पुडीला दुपटं उलगडून बघता येत नाही. सहाण पालथी घालणं तर तिला जमणारच नाही. जालन्याच्या उन्हात ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, धन्या-जिऱ्याचं पाणी मी आजही चुकवत नाही. वाग्भटानं ऋतुचर्येचा वेगळा अध्याय लिहिला तो उगाच नाही. नातवाला मात्र गुटी नाही. लेकीचंच बरोबर आहे, आणि मला वाटतं, आजीनंही ते ऐकून घेतलं असतं.

सहाण माझ्याकडं आहे, चंदन उगाळायला. स्वयंपाकघरात फळीच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला आहे. तुमच्याही घरात तो असू द्या. लेकराला जुलाब लागले तर ओआरएसची पुडी. ती हाताशी नसेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. थोडं थोडं पाजत राहायचं, अंगावरचं दूध तोडायचं नाही. टाळू किंवा डोळे खोल गेले, लघवी थांबली, लेकरू मलूल पडलं, तर कुणाचंही न ऐकता दवाखाना गाठायचा. मापात हयगय नको. अर्धा म्हणजे अर्धाच.