आधी भांडं तापव!

माझ्या बाबांचा जन्म १९५७चा. विविध भारतीही त्याच वर्षी सुरू झाली. त्यामुळे आमच्याकडे सकाळ होते ती रेडिओने, चहा नंतर. गेल्या दिवाळीनंतर तो रेडिओ बंद पडला. मी लगेच मोबाइल काढला, ‘‘बाबा, नवा मागवते. उद्या दारात!’’ बाबा काहीच बोलले नाहीत. नुसतं पोटमाळ्याकडे बघितलं.

पोटमाळ्यावर त्यांची पत्र्याची पेटी आहे. सोल्डरिंग आयर्न, पकडी, वायरींची भेंडोळी. मी लहान असताना सोसायटीतले सगळे आजारी टेपरेकॉर्डर आमच्या टेबलावर ॲडमिट व्हायचे. तीन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स. पेटी वर गेली ती गेलीच.

‘‘मी करून बघू?’’ माझ्या तोंडून निघून गेलं. मासकॉम केलेल्या मुलीचा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध किती, तर चार्जर हरवण्याइतका! पण बोलून बसले होते.

पेटीतल्या आयर्नचं टोक पार झिजलं होतं. म्हणून शनिवारी थेट बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली.

‘‘सोल्डर वायर द्या.’’

‘‘कसली?’’

‘‘वितळणारी.’’

दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि माझी कीव येऊन शिकवणीच घेतली. नवशिक्याने साठ-चाळीस घ्यावी. म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं आणि पोटात रोझिनचा फ्लक्स. ती १९० अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळते. बिनशिशाची वायर त्याहून जास्त उष्णता मागते, म्हणून सुरुवातीला त्रास देते. शिवाय २५ वॅटचं आयर्न, त्याचा स्टँड, टोक पुसायला स्पंज, चुकलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप आणि हात बसवायला एक कोरा पीसीबी नि मूठभर रेझिस्टर. वीकेण्डला दोघांनी कॉफी प्यायली की जेवढं बिल होतं, साधारण तेवढ्यात सगळं आलं.

पहिल्या संध्याकाळी काय दिवे लावले सांगू? आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवायचे आणि तो थेंब जोडावर टाकायचे. थेंबाचा साबुदाणा होऊन तो टेबलभर पळायचा. दहा जोड, दहा साबुदाणे. वर बोटाला चटका.

बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘‘कल्हईवाला आठवतो?’’

‘‘बाबा, मी कुठे बघितलाय?’’

मग किती तरी महिन्यांनी बाबा सलग बोलले. वाड्याच्या दाराशी पेटलेली भट्टी, तापलेलं पितळी पातेलं, नवसागराची चिमूट, कथलाचा नुसता स्पर्श, आणि फडकं फिरवलं की पातेलं चांदीचं! ‘‘तो कधी कथील तापवत बसायचा का? आधी भांडं तापव. कथील आपोआप पसरतं.’’

ट्यूब पेटली. सोल्डरिंग म्हणजे चिमुकली कल्हईच की! नवसागराचं काम इथे रोझिन करतं, धातूवरचा काळपटपणा काढायचं. आयर्नच्या टोकालाही आधी सोल्डरची कल्हई करायची, नाही तर ते काळं पडतं आणि उष्णता नीट देत नाही. मग टोक एकाच वेळी रेझिस्टरच्या तारेला आणि पीसीबीच्या तांब्याला टेकवायचं. मनात एक, दोन म्हणायचं. सोल्डर समोरून जोडालाच लावायची. आधी वायर बाजूला, मग आयर्न. फुंकर मारायची नाही, गार होईपर्यंत हलवायचं नाही. चकचकीत छोटी टेकडी दिसली तर जमलं. गोळा झाला किंवा जोड निस्तेज दिसला, तर तो ‘ड्राय सोल्डर’. वरून जोडलेला, आतून तुटलेला. आणि हो, खिडकी उघडी ठेवा, काम करताना खाऊ नका आणि नंतर साबणाने हात धुवा. शिसं आहे ते!

तिसऱ्या संध्याकाळी सेल काढून रेडिओ उघडला. दोष केवढासा, तर सेलच्या स्प्रिंगची लाल वायर तुटलेली. वायर सोलली, पीळ दिला, कल्हई केली. पण एका हातात आयर्न, दुसऱ्यात सोल्डर. रेडिओ धरणार कोण?

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. दोन्ही तळवे रेडिओवर ठेवून त्यांनी भार दिला. भार दिल्यावर हात बऱ्यापैकी शांत राहिला. आम्ही दोघंही त्या हाताबद्दल काही बोललो नाही. एक, दोन. टेकडी झाली.

सेल घातले. खरखर, आणि मग गाणं!

बाबांनी जोड दिव्याखाली धरून निरखला. शाबासकी वगैरे काही नाही, आम्ही पुणेकर. ‘‘सोल्डर जास्त झाली. पुढच्या वेळी निम्मी.’’

पुढच्या वेळी! मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पेटी पोटमाळ्यावर परत गेलेली नाही. टेबलाखाली आहे. आणि बाबांनी परवा शेजारच्या काकूंना परस्पर सांगून टाकलंय, ‘‘तुमचा टेपरेकॉर्डर पाठवून द्या. आम्ही बघतो.’’