अंगठा उचलून बघा!

सध्या मी भेटेल त्याला चप्पल काढायला लावतोय. बायको झाली, शेजारी झाला, काल तर सोसायटीच्या वॉचमनलाही सोडलं नाही. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी आपल्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायचा. अंगठा वर गेला की तळव्याची कमान आपोआप उंचावते. आपोआप!

हे खूळ डोक्यात शिरलं ते चांदे गावात, भातलावणीच्या दिवसांत. हिंजवडीच्या काचेच्या इमारती इथून फार लांब नाहीत, पण खाचरात अजून गुडघाभर चिखल असतो. महागडे स्पोर्ट्स शूज घालून बांधावर माझी तारांबळ उडत होती आणि रोपांच्या जुड्या घेतलेल्या एक सत्तरीच्या आजी समोरून सरळ चालत आल्या. "बूट काढा की साहेब, बोटं रुतू द्या."

मी आजींच्या पावलांकडे बघतच राहिलो. बोटं पंख्यासारखी पसरलेली, अंगठा आणि जोडव्याचं बोट यांत चांगलं अंतर, टाचेच्या भेगांत चिखल. पाऊल टेकलं की आधी बोटं माती धरायची, मग भार यायचा. आणि वाकणं? पाठीला पोक नाहीच. खुब्यातून वाकायचं, पाठ सपाट!

घरी आलो आणि वाचत सुटलो. एका पावलात २६ हाडं, म्हणजे अंगातली पाव हाडं दोन पावलांतच! टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. पाऊल उचलताना अंगठा मागे वळतो, रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा ताणला जातो आणि कमान ताठ होते. हिक्स नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १९५४ मध्ये हे मांडलं. आपण मात्र निमुळत्या बुटात अंगठा करंगळीकडे दाबून बसवतो आणि मग टाच का दुखते म्हणून एक्स-रे काढतो!

राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी तर २३०० मुलांची पावलं तपासली. १९९२ मध्ये ते छापून आलं. पायात काही ना काही घालणाऱ्या मुलांत चपटे तळवे ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८. त्यातही बंद बूट जास्त बाधतात, चपला-सँडल कमी. चपटा तळवा म्हणजे लगेच आजार नव्हे, हेही खरं. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो.

पण म्हणून अनवाणीपणाचे गोडवे गायला मी तयार नाही. लावणी संपेपर्यंत आजींच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यावर त्या रात्री मेंदी थापतात. सुनेला गमबूट हवेत, आणि तिचं अगदी बरोबर आहे.

मधुमेह असलेल्यांनी तर घरातही अनवाणी फिरू नये. पाय बधिर झाला की काटा रुतलेलाही कळत नाही. रोज रात्री आरसा धरून तळवे बघा. बाकीच्यांनी पोरांना घरात बिनबुटाचं खेळू द्यावं. आणि बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. उभं राहून घालून बघा, पुढे बोटभर जागा उरली पाहिजे.