मोटारसायकलच्या कंपाचें निदान

नवी वस्तु घरांत आली कीं जुन्या दुखण्यांचें खापर तिच्यावर फुटतें, हा संसारांतला नित्याचा प्रकार आहे. नवी सून आली आणि त्याच आठवड्यांत दूध नासलें, तर काय बोललें जातें तें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. आमच्या घरीं असाच आळ एका टायरवर आला. नव्हे, तें बसवून देणाऱ्या माणसावर आला.

आमचा पुतण्या पुण्यास नोकरीस असून दर शनिवारीं मोटारसायकलवरून वाईस येतो. सूनबाईहि मागें बसून येते. वाटेंत खंबाटकीचा घाट आहे, आणि मोठमोठ्या मालमोटारींची वर्दळ. पुढचें टायर झिजलें म्हणून त्यानें येथेंच नवें बसवून घेतलें, तों परतीच्या वाटेवरच हँडल थरथरूं लागलें. पुढच्या शनिवारीं तो एकटाच आला. वहिनींनीं स्पष्ट सांगितलें, "एक तर ती गाडी विका, नाहीं तर सुनेला तीवर बसवूं नका." पुतण्या तर दुकानदाराशीं भांडावयास निघालाच होता. हा दुकानदार पूर्वीं आमच्या आठवीच्या वर्गांत होता. पुराव्यावांचून कोणास चोर ठरवावें, आणि तेंहि आपल्या विद्यार्थ्यास, हें आमच्या मनास येईना. आम्हीं एक रविवार मागून घेतला.

ताडावर कावळा बसावयास आणि फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. आपले शास्त्रकार याला काकतालीय न्याय म्हणतात. परंतु टायर बदललें तेव्हांपासूनच कंप आहे, त्याचा टायरशीं कांहींच संबंध नाहीं, असें म्हणणेंहि तितकेंच अप्रमाण. येथें अन्वय आणि व्यतिरेक हींच खरीं साधनें: जें असतां कंप असतो व जें काढतां कंप जातो, तें त्याचें कारण.

हवेचा दाब गाडी थंड असतांना मोजला, तो बरोबर होता. टायरवरील बाणहि चाकाच्या फिरण्याच्या दिशेसच होता. मग पाचवडच्या रस्त्यावर पुतण्यानें गाडी चालवावी व आम्हीं टिपून घ्यावें, असें ठरलें. ताशीं ५५ किलोमीटरांस कंप सुरू होई, सत्तरच्या सुमारास पराकाष्ठेस जाई, आणि पुढें किंचित् उतरे. त्याच वेगांत असतांना क्लच दाबून इंजिन मंद होऊं द्यावयास सांगितलें. कंप तसाच राहिला. इंजिनाचा दोष असता तर इंजिन मंदावतांच तो बदलावयास हवा होता. तेव्हां शंका चाकाकडे वळली. हँडलवरचे हात सोडून कंप पाहण्याचा प्रयोग कांहीं तरुण करितात, तो मात्र आम्हीं करूं दिला नाहीं. निदानासाठीं रोग्याचा जीव घेण्याचा तो प्रकार आहे.

चाकाचें गणित मोठें रंजक आहे. साठ किलोमीटर वेगास मोटारसायकलचें चाक सेकंदास सुमारें ९ फेरे घेतें. रिमजवळ एका बाजूस अवघें २० ग्रॅम वजन अधिक असलें, तर तें त्या वेगास सुमारें दीड किलोच्या जोरानें बाहेर ओढतें, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यास दिशा पालटते. वेग दीडपट झाला कीं ओढ सव्वादोनपट होते. शिवाय फोर्क व हँडल यांची हलण्याची स्वतःची एक लय असते; चाकाचे फेरे तिच्याशीं जुळले कीं कंप वाढतो. झोपाळ्यास योग्य वेळीं दिलेला हलका झोका त्याला उंच नेतो, तसेंच हें. सत्तरचें गूढ आम्हांस येथें उकललें.

दुपारीं गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचें चाक अधांतरीं केलें. फोर्कला टेकवून पेन्सिल धरिली व चाक हळू फिरविलें. रिमचें अंतर ढळेना, पण टायर एके ठिकाणीं खालीं बसल्यासारखें दिसे. रिमलगत टायरवर उंचवट्याची एक बारीक रेघ असते. ती सर्व बाजूंनीं रिमपासून सारख्या अंतरावर असावयास हवी. आमच्या टायरवर ती चार बोटें जागेंत रिमच्या आंत दडली होती. टायरची कड तेवढ्या भागांत रिमवर बसलीच नव्हती.

दुकानदारास आम्हीं ती रेघ दाखविली, दुसरें कांहीं बोललों नाहीं. त्यानें हवा सोडली, कडेस साबणाचें पाणी लाविलें व दाब हळूहळू वाढविला. टप् असा आवाज झाला आणि दडलेली रेघ वर आली. नंतर चाकाचा तोल पाहून त्यानें रिमवर २५ ग्रॅमचें वजन लाविलें. पैसे घेतले नाहींत. पुतण्याचा सकाळचा आवेश तेथें उभ्या उभ्याच विरला.

कंप गेला, पण सर्व नव्हे. साठांवरून चाळिसांवर येतांना हँडल अजून किंचित् डुलत होतें. पुन्हां चाक उचललें आणि फोर्कचीं खालचीं टोकें धरून मागें-पुढें ढकललीं, तों वर हँडलच्या मुळाशीं खट् असें वाजलें. हँडल सावकाश वळवितां मध्यभागीं तें अडखळे. हा दोष कोन-सेटचा, म्हणजे ज्या गोळ्यांवर हँडल वळतें त्या भागाचा. या गोळ्या पूर्ण फिरत नाहींत. गाडी सरळ जात असतांना खड्ड्यांचे धक्के त्याच त्या जागीं खातात, वंगण सरकतें, व कड्यास खळगे पडतात. हें दुखणें नव्या टायरच्या फार पूर्वींचें होतें; पण जुन्या टायरच्या संथ झिजेबरोबर तेंहि हळूहळू वाढलें, आणि हात त्याला सरावले. मेस्त्रीनें सोमवारीं तें कडें बदललें.

नवें टायर पहिले शे-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतें, तेव्हां ओल्या वळणावर गाडी फार कलवूं नये, हेंहि पुतण्यास सांगितलें. पुढील शनिवारीं सूनबाई मागें बसून आली. वहिनींनीं तिला कांहीं विचारिलें नाहीं, फक्त चहा टाकला.

तें जुनें कडें आम्हीं मेस्त्रीकडून मागून आणलें. त्यावर बोट फिरविलें असतां खळगे सारख्या अंतरावर लागतात. शेजारचीं मुलें हें काय म्हणून विचारतात, तेव्हां आधीं डोळे मिटून चाचपावयास सांगतों.