सहीआधीचा हिशेब

आमच्या घरात कर्ज म्हणजे उचल. दिवाळीआधी मुकादम पैसे देऊन जायचा आणि त्या पैशांपायी आई-अण्णा सहा महिने ऊस तोडायला जायचे, कधी सांगलीकडे, कधी पार कर्नाटकात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर. बीड जिल्ह्यातल्या आमच्या भागात घरोघर हेच. म्हणून २००३ साली बारावीनंतर मी बी.एस्सी. नर्सिंगसाठी बँकेचं कर्ज काढायचं म्हटलं, तेव्हा अण्णांनी व्याजाचा दर विचारलाच नाही. ते म्हणाले, "नाही फिटलं तर पोरीला कुठं अडकवून ठेवत्याल?"

याचं उत्तर देऊ शकेल असं गावात एकच माणूस होतं, उपकेंद्राच्या नर्सबाई. खांद्याला लसींचा डबा अडकवून वाड्या-वस्त्या पायी फिरणाऱ्या. गावातली किती पोरं त्यांच्या हातावर जन्मली, याची नोंद त्यांच्या रजिस्टरात असेल. त्यांच्या सेवेबद्दल गाव आजही बोलतं. त्यांच्या आकडेमोडीबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि माझं आयुष्य त्या आकडेमोडीवर उभं आहे.

सरकारी शाळेतल्या जनरल नर्सिंगच्या प्रतीक्षा यादीत माझं नाव लटकलेलं होतं. तिथे फी नावापुरती, वर थोडं विद्यावेतन. इकडे खासगी कॉलेजात जागा मिळत होती. फी, वसतिगृह, गणवेश, पुस्तकं धरून वर्षाला ४५,००० रुपये. बाईंनी लसीकरणाच्या जुन्या तक्त्याची मागची कोरी बाजू पुढे ओढली. चार वर्षांचे १,८०,०००. व्याज १२ टक्के. "हे शिकत असतानाही चढतं, पोरी. हप्ता नंतर सुरू होतो, व्याज नाही." पहिल्या वर्षाच्या पैशांवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षाच्या पैशांवर चार वर्षांचं, असं करत त्यांनी खाली आकडा काढला. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी देणं २,५५,६०० झालेलं असणार होतं. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेचार हजार. मग त्यांनी पुण्यातल्या आपल्या भाचीला फोन लावला आणि खासगी दवाखान्यात नवीन मुलीला हातात किती पडतात ते विचारलं. साडेपाच हजार.

अण्णा न बोलता कागदाकडे बघत राहिले. बाईंनी रेघ मारून दुसरा हिशेब मांडला. व्याज चढूच दिलं नाही, शिकत असतानाच भरत गेलो, तर मुद्दल १,८०,००० वरच थांबतं आणि हप्ता बत्तीसशेच्या आत येतो. शिवाय असं व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सवलत, हे त्यांनी बँकेतून आधीच विचारून आणलं होतं. "साडेपाचातून बत्तीसशे गेले तर ही पोरगी अर्धपोटी का होईना जगेल. साडेचार गेले तर नाही जगणार. व्याज भरायची ताकद असेल तर काढा कर्ज. नसेल तर एक वर्ष थांबून यादीची वाट बघा."

दोन्ही रस्ते त्यांनी आमच्यापुढे उघडे ठेवले. आम्ही कर्ज काढायचं ठरवलं.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, आई-वडील सहकर्जदार झाले की पुरे, असं तेव्हाच्याही योजनेत होतं. शाखेत मात्र पगारदार जामीनदार आणा म्हणून सांगितलं. ऊसतोडणीवाल्याला कोण जामीन राहणार? बाई पगाराची चिठ्ठी घेऊन आल्या आणि सही करून उपकेंद्रात परत गेल्या. पुढे त्यांनी कर्मचारी पतसंस्थेत घरासाठी अर्ज केला तेव्हा माझा जामीन आडवा आला आणि त्यांचं घर लांबलं. हे मला फार उशिरा, तेही त्यांच्या मुलाकडून कळलं.

कर्ज काढलं त्याच वर्षी दुष्काळ पडला. उसावर लोकरी मावा आला, हंगाम लवकर आटोपला, अण्णांची उचलच फिटेना. त्या वर्षीचं ५,४०० रुपये व्याज बाईंनी भरलं. चौथ्या वर्षी आईनं म्हैस विकली. नोकरी लागल्यावर मी बाईंचे पैसे घेऊन गेले, तेव्हा वाटलं होतं नको म्हणतील. त्यांनी नोटा मोजून घेतल्या. "पैसे अडकले की माणूस दार चुकवतं," म्हणाल्या. "तू माझं दार चुकवू नयेस."

नोकरीचंही सांगायला हवं. २००७ साली एका मोठ्या खासगी रुग्णालयात सहा हजारांवर निवड झाली होती. अट अशी, की दोन वर्षांचा बाँड लिहून द्यायचा आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवायची. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "ही तर उचलच झाली की." बाईंनी फोनवर बजावलं, मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, सरकारी जागा निघाली की तेच लागतील. मी पाचशे रुपये कमी देणाऱ्या लहान दवाखान्यात गेले. सरकारी भरती निघाली तेव्हा कागद माझ्या पेटीत होते.

आज मी परिसेविका आहे. नव्या मुली वॉर्डात येतात तेव्हा त्यांच्या कर्जाची चौकशी मी आवर्जून करते. काही गोष्टी सुधारल्या. २००९-१० पासून केंद्राची व्याज अनुदान योजना आली; साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलीचं शिकतानाचं व्याज सरकार भरू लागलं. माझ्या वेळी ही असती तर म्हैस दावणीला राहिली असती. व्याजावरच्या आयकर सवलतीचा मात्र खासगीतल्या मुलींना उपयोग नाही, कारण कर बसेल एवढा पगारच नसतो. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. खासगीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगितलं, की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही नर्सला २०,००० पेक्षा कमी देऊ नये. लहान दवाखान्यांतून आमच्याकडे आलेल्या कितीतरी मुलींच्या हातात एवढे कधीच पडले नव्हते. फी मात्र दरवर्षी वाढते. याचा मला संताप येतो. रात्रपाळीत तीस रुग्णांचे प्राण जिच्या भरवशावर आहेत, तिच्या पगारातून हप्ता जाऊन जेवणाचे पैसे उरू नयेत, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

बाई निवृत्त झाल्या, गावातच राहतात. बारावीचे निकाल लागले की त्यांचा फोन येतो. माझी खुशाली नंतर, आधी प्रश्न, "यंदा खासगीत नव्या पोरींना हातात किती देतात?" मी चार ठिकाणी विचारून खरा आकडा कळवते. गेल्या वर्षी तो ऐकून त्यांनी शेजारच्या वस्तीवरच्या एका मुलीला खासगी कॉलेजचा अर्ज थांबवायला लावला आणि तिच्या आईला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी नर्सिंग शाळेत यादी बघायला गेल्या.