घोडे शोधायला गेलेला मुलगा

त्या मुलाचे जुळलेले हात काही केल्या मनातून जात नाहीत. कृश देह, पांढरा अंगरखा, मागे पिवळं पडलेलं रशियन रान, लांबवर लाकडी चर्च. समोर ओकच्या झाडाशी काळ्या वस्त्रातला साधू. त्याचा चेहरा दिसतच नाही. मिखाईल नेस्तेरोवनं १८८९-९० मध्ये रंगवलेला हा वार्फोलोमेई पुढे रादोनेझचा संत सेर्गेई झाला. तेव्हा मात्र त्याला अक्षर लागत नव्हतं. भाऊ वाचायचे, हा अडायचा. वडिलांनी घोडे शोधायला धाडलं, वाटेत साधू भेटला, आणि यानं त्याच्याकडे विद्या मागितली. साधूनं प्रसादाच्या पावाचा तुकडा दिला.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आजी म्हणायची. माझ्या धाकट्या भावाच्या तळव्यांना खोबरेल चोळतानाही म्हणायची आणि मग गप्प व्हायची. तिसरीत गेला तरी त्याला जोडाक्षरं येत नव्हती. आजी ते तळवे इतका वेळ का निरखायची? काही दिसत होतं म्हणून, की काहीच दिसत नव्हतं म्हणून? आज तो बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो, नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखतो. ते कान त्याला पाळण्यातही असतीलच. आपण पायच बघत बसलो.

सेर्गेई १३९२ मध्ये गेला, त्यानंतर शिष्य येपिफानीनं चरित्र लिहिलं. म्हणजे बालपण शेवटाकडून मागे लिहिलं गेलं. घोडे शोधायला गेलेली आणि नुसते घोडे घेऊन परतलेली पोरं किती असतील! त्यांचं कुणी लिहीत नाही. चित्रात घोडे कुठेच नाहीत, हेही मला खुपतं.

नेस्तेरोवला मुलाचा चेहरा सापडत नव्हता. शेवटी आब्राम्त्सेवोजवळच्या खेड्यात दहाएक वर्षांची एक मुलगी दिसली, नुकतीच आजारातून उठलेली, केस कापलेली. संताचा चेहरा तिचा आहे. त्या पोरीच्या वाट्याला पावाचा तुकडा आला का?

काल भावाला चित्र पाठवलं. मुलीचं काही सांगितलं नव्हतं. त्याचा लगेच फोन आला, "दादा, पोरगं आजारी होतं का रे?"

मी इतके दिवस त्या डोळ्यांत भक्ती पाहत होतो. आज पुन्हा पाहिलं, तर ताप दिसला. थोड्या वेळानं परत भक्ती.