काब्रेरेची गुहा आणि आमच्या घरची भिंत

फ्रान्सला जाऊन आले म्हटलं, की पहिला प्रश्न ठरलेला. "आयफेल टॉवर पाहिलात का हो?" मैत्रिणींनो, खरं सांगते, नाही पाहिला. पॅरिसचा विमानतळ तेवढा पाहिला. आम्ही गेलो ते फ्रान्सच्या नैऋत्येला, काब्रेरे नावाच्या दोनेकशे वस्तीच्या खेड्यात. आणि दहा आयफेल टॉवरांनी दिलं नसतं, असं काही तिथून घेऊन आले. ते काय, ते ओघानं सांगतेच.

माझ्या नणंदेच्या यजमानांची नोकरी तुलूज शहरात. वन्सं चार वर्षं बोलावत होत्या. मागच्या मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी लागली, चिरंजीवांची परीक्षा संपली आणि अखेर योग आला. यांना रजा मिळेना, म्हणून मी, मुलगा आणि सासूबाई असे तिघंच निघालो. आईंचं वय त्र्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. "मी कशाला गं तुमच्या पायात?" असं त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, पण मेथीच्या ठेपल्यांचा डबा मात्र त्यांनीच भरला!

वन्संनी गाडी उत्तरेकडे काढली. दीड-दोन तासांत सपाट शेतं मागे पडली आणि चुनखडीच्या पठाराचा प्रदेश सुरू झाला. खुरटे ओक वृक्ष, गवत, मेंढ्या, आणि चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेल्या बुटक्या झोपड्या. पावसाचं पाणी जमिनीवर थांबतच नाही, चुनखडीतून झिरपून खाली जातं. म्हणून वर कोरडं माळरान आणि पोटात गुहाच गुहा! या माळामधून लोत आणि तिला मिळणारी सेले या दोन नद्यांनी खोल दऱ्या कापल्या आहेत. सेलेच्या काठी, उंच कड्याला पाठ लावून काब्रेरे बसलं आहे. पिवळसर दगडाची घरं, उतरती छपरं, खिडक्यांत तांबड्या फुलांच्या कुंड्या. कड्यालाच चिकटलेली एका जुन्या गढीची पडकी भिंत दिसते. तिला सैतानाचा वाडा म्हणतात आणि इंग्रजांचा किल्लाही म्हणतात. "दोन्ही एकच की!" आई पटकन म्हणाल्या.

डोंगराच्या पोटात

गावामागच्या डोंगरावर पेश मेर्ल ही गुहा आहे. 1922 साली आंद्रे दाविद हा सोळा वर्षांचा मुलगा, त्याची तेरा वर्षांची बहीण मार्त आणि त्यांचा मित्र आंरी द्युतेर्त्र यांनी ती शोधून काढली. गावचे धर्मगुरू लेमोझी यांना प्राचीन गुहांचा नाद होता. त्यांनीच मुलांना गोडी लावली होती. चिखलातून सरपटत, मिणमिणत्या उजेडात ही पोरं आत घुसली आणि पुढ्यात हजारो वर्षं कुणी न पाहिलेली चित्रं! तेरा वर्षांच्या मुलीला असल्या उद्योगाला आपल्याकडे कुणी पाठवलं असतं का, असा विचार माझ्या मनात आलाच.

फ्रान्समधली सर्वांत प्रसिद्ध चित्रगुहा म्हणजे लास्को. ती मात्र 1963 मध्येच लोकांसाठी बंद झाली. पाहणाऱ्यांच्या श्वासानं आणि उष्णतेनं भिंतींवर शेवाळ धरू लागलं होतं. आता लोक तिथे हुबेहूब केलेली प्रतिकृती पाहतात. पेश मेर्लमध्ये अजून अस्सल चित्रं पाहता येतात, पण दिवसाला सातशेच माणसं आत सोडतात. म्हणून तिकिटं आधी राखून ठेवावी लागतात. फोटो काढायचा नाही, भिंतीला हात लावायचा नाही. हे ऐकून मला अजिंठा आठवला. तिथेही आपल्या श्वासाची, घामाची दमट हवा चित्रांना बाधतेच. आपण मात्र "पुढे सरका" म्हणणाऱ्या पहारेकऱ्यावरच चिडतो!

हात लावण्यावरून एक किस्सा सांगते. आंद्रे ब्रेतों हे प्रख्यात फ्रेंच कवी जवळच्याच गावात उन्हाळ्यात येऊन राहत. 1952 साली त्यांनी या गुहेतलं चित्र खरं की खोटं, म्हणून त्यावर बोट घासून पाहिलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कविराजांना दंड झाला.

आत बारा अंश तापमान. मे महिन्यातही स्वेटर हवाच. पायऱ्या उतरताना मी आईंचा हात धरला. छतातून लोंबणारे चुनखडीचे झुंबर, ठिबकत्या पाण्यात गोल घोटले गेलेले दगडी मोती, आणि वरच्या ओकच्या झाडाचं एक मूळ छत फोडून थेट गुहेत उतरलेलं! एका जागी घट्ट झालेल्या चिखलात पावलं उमटली आहेत. कुणा लहान वयाच्या पोराची, हिमयुगातली. माझा मुलगा तिथे वाकून बराच वेळ पाहत राहिला. "आई, याला कुणी 'चिखलात जाऊ नकोस' म्हटलं नाही का?" त्यानं हळूच विचारलं.

मग ते घोडे आले. दगडाच्या एका मोठ्या पाटीवर पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन घोडे, अंगभर आणि अंगाबाहेरही काळे ठिपके. उजवीकडच्या घोड्याचं डोकं तर खडकाच्या नैसर्गिक आकारातच बसवलं आहे. त्यातल्या एकाच्या रंगातल्या कोळशावरून त्याचं वय सुमारे एकोणतीस हजार वर्षं ठरलं आहे. ठिपक्यांचे घोडे हा कल्पनेचा खेळ असावा, असं पुष्कळांना वाटे. पण 2011 साली प्राचीन हाडांच्या तपासणीतून कळलं, की असे घोडे त्या काळी खरोखरच होते. कोळशाची पूड तोंडात घेऊन, थुंकीबरोबर फुंकून हे चित्र काढलं असावं. मिशेल लॉरब्लांशे या संशोधकानं स्वतः तसं करून दाखवलं.

आणि घोड्यांभोवती हात आहेत. पंजा भिंतीवर ठेवायचा, भोवती रंग फुंकायचा आणि हात काढून घ्यायचा. मागे राहते ती हाताची मोकळी जागा. आपण रांगोळीचा छाप वापरतो ना, अगदी तसंच! 2013 साली डीन स्नो या अमेरिकन संशोधकानं फ्रान्स-स्पेनच्या गुहांतले बत्तीस हात बोटांच्या लांबीवरून तपासले. त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश हात बायकांचे असावेत, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या तज्ज्ञांना ते मान्य नाही. वन्संनी आमच्या वाटाड्या मुलीचं बोलणं मराठीत सांगितलं, तेव्हा आई काही बोलल्या नाहीत. बोटानं हवेतच एक, दोन, तीन असे हात मोजत होत्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "एकोणतीस हजार वर्षं! यांच्याकडे दिवाळीला रंगारी आला नाही वाटतं."

वन्सं हसल्या. मला हसू येईना.

ते "डाग"

आता सांगायलाच हवं. आमचं साताऱ्याचं घर जुनं. माजघरात देवघराशेजारच्या भिंतीवर कुंकवाचे पंजे होते. या घरात आलेली प्रत्येक सून लक्ष्मीपूजन झालं, की तिथे दोन्ही हात उमटवायची. आजेसासूबाईंचे, आईंचे, धाकट्या जाऊबाईंचे म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंचे, आणि शेवटी माझे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मी घराला रंग काढला. आई तेव्हा माहेरी गेल्या होत्या. रंगाऱ्यानं विचारलं, "वहिनी, हे डाग घासून काढू ना?" मी स्वयंपाकघरातूनच "हो, काढा" म्हटलं. आई परत आल्या, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रंग छान लागलाय." त्यानंतर तीन वर्षं एक शब्द नाही. मलाही वाटत राहिलं, की काही झालंच नाही.

संध्याकाळी आम्ही सेलेच्या काठी दगडांवर बसलो. पाणी हिरवंगार आणि इतकं स्वच्छ, की तळाचे गोटे मोजावेत. मुलगा पाण्यात खडे मारत होता. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं." कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. "सासूबाईंचा डावा पंजा होता ना, त्याची करंगळी वाकडी. जात्यात सापडली होती. आणि माझा उजवा हात फरकटलेला, कारण मागून कुणीतरी 'आटपा, आटपा' म्हणत होतं. सतरा वर्षांची होते गं मी." जराशा थांबल्या. "पण तुझेही हात गेलेच की त्यात."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

आसपासची ठिकाणं

दुसऱ्या दिवशी जवळच्याच सें-सिर्क-लापोपीला गेलो. लोत नदीच्या पात्रापासून शंभरेक मीटर उंच कड्यावर लटकलेलं हे गाव. 2012 साली फ्रेंच लोकांनी याला आपलं सर्वांत आवडतं गाव म्हणून निवडलं. ब्रेतोंचं घर इथलंच. पूर्वी इथे लाकूड कातणारे कारागीर असत. ते दारूच्या पिंपांच्या तोट्या बनवीत. गल्ल्या फरसबंद पण फार चढउताराच्या. आई वरच्या कट्ट्यावर बसून राहिल्या आणि तिथून त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसलं! खाली नदीकाठी बूझिएसजवळ कडा आडवा कोरून काढलेली वाट आहे. एकोणिसाव्या शतकात मालाच्या होड्या दोरानं ओढण्यासाठी ती केली. सपाट आहे, गुडघेदुखीवाल्यांनाही झेपते.

काओर हे या भागातलं मोठं गाव, लोतच्या वळणात वसलेलं. तिथला वालांत्रे पूल 1308 साली बांधायला घेतला. त्यावर तीन बुरूज आहेत. काम काही संपेना, म्हणून बांधकाम करणाऱ्यानं सैतानाशी करार केला, अशी दंतकथा आहे. सैतानानं सांगेल ते काम करायचं आणि बदल्यात याचा आत्मा घ्यायचा. पूल संपत आला तेव्हा या पठ्ठ्यानं त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगितलं! हरलेला सैतान रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढी म्हणतात. 1879 च्या दुरुस्तीत त्या जागी दगड उपटणारा छोटा सैतान कोरून बसवला. मुलानं तो शोधून काढला. काओरला बुधवारी आणि शनिवारी सकाळी कॅथेड्रलसमोर बाजार भरतो. अक्रोड, अक्रोडाचं तेल, रोकामादूर नावाचं शेळीच्या दुधाचं छोट्या चकतीएवढं चीज, आणि केशर! या भागात केशराची शेती पुन्हा सुरू झाली आहे. एका ग्रॅमला दीडशेच्या आसपास फुलं खुडावी लागतात. मी इवलीशी बाटली घेतली. गौरीच्या नैवेद्याला पुरवून वापरली.

वेळ असेल तर रोकामादूर पाहा. कड्यावरच्या देवळांत काळ्या मेरीची मूर्ती आहे. 216 पायऱ्या यात्रेकरू पूर्वी गुडघ्यांवर चढत. आणि पादिराकचा प्रचंड खड्डा पाहा. जमिनीखाली 103 मीटरवर वाहणाऱ्या नदीतून तिथे होडीनं फिरवतात. तो हिवाळ्यात बंद असतो.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

गुहेत जाताना स्वेटर आणि न घसरणारे बूट घाला. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची. आई नऊवारीत सहज उतरल्या, तो भाग वेगळा. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असल्याशिवाय या खेड्यांतून फिरणं अवघड. शाकाहारी असाल, तर विचारल्याशिवाय काही खाऊ नका. या भागात बटाटेसुद्धा बदकाच्या चरबीत परततात. पाव, चीज, फळं आणि घरचे ठेपले यांवर आमचं झकास भागलं. दुपारी दुकानं बंद होतात, तेव्हा सामान सकाळीच घ्या.

आणि एक गोष्ट न जाणाऱ्यांसाठी. परत आल्यावर मी आईंना म्हटलं, "पुन्हा उमटवू या का हात?" त्या म्हणाल्या, "नको. ते पहिल्या दिवशीचे हात होते." ते खरंच आहे. मग मी एक वही केली. कुठला पंजा कुणाचा, कुठे होता, करंगळी का वाकडी, हे आई सांगतात आणि मी लिहिते. आतापर्यंत अकरा पानं झाली आहेत. हात परत येणार नाहीत, पण हकीकत तरी राहील.

दिवाळी जवळ येतेय. रंगाऱ्याला हो म्हणण्याआधी एकदा स्वयंपाकघरातून बाहेर या, भिंतीजवळ उभ्या राहा, आणि घरातल्या मोठ्या बाईला विचारा, "हे काय आहे हो?"