तात्या विंचूने लिहिलेलं पुस्तक

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती कल्याणला मराठी शाळेत शिकवते. म्हणाली, "मावशी, मुलांना वाचता येतं गं, पण वाचायचंच नसतं. काय करू?" फोनवर जमलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहिते.

माझा उपाय साधा आहे. मुलांना आधी हसवावं. संस्कार, तात्पर्य, थोरांची चरित्रं, सगळं नंतर.

१९९८ च्या सुमाराला डोंबिवलीत माझ्याकडे सहावीचा वर्ग होता, पटावर छपन्न मुलं. ग्रंथपेटीत चरित्रं भरपूर होती आणि सगळी नवी कोरी राहिली होती! मी पदरमोड करून दिलीप प्रभावळकरांचं 'बोक्या सातबंडे' आणलं. एकच प्रत. वर्गात दाखवली, तर कुणी ढुंकूनही बघेना. मग विचारलं, "हे कुणी लिहिलंय, माहीत आहे? तात्या विंचूने!"

एकच गलका झाला. 'झपाटलेला' सिनेमा १९९३ चा, आणि बाहुल्यात शिरणारा तो गुंड प्रभावळकरांनीच रंगवलेला. ज्याला बघून रात्री पांघरुणात तोंड लपवायचं, त्याने आपल्यासाठी पुस्तक लिहिलंय हे मुलांना पटेचना. आमच्या पिढीला प्रभावळकर म्हणजे दूरदर्शनवरचे चिमणराव. चिं. वि. जोशींचे चिमणराव मी आधी वर्गात वाचून पाहिले होते. मला हसू आवरत नव्हतं, मुलं मात्र गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती. विनोद कळायला त्यातलं जग ओळखीचं लागतं. बोक्या जवळपास त्यांच्याच वयाचा, खोड्याळ, घरच्यांच्या नाकी नऊ आणणारा, पण मनाने चांगला. शिवाय या गोष्टी मुळात आकाशवाणीसाठी लिहिलेल्या, त्यामुळे मोठ्याने वाचायला फार सोयीच्या.

शनिवारी शेवटच्या तासाला मी वाचायची, वेगवेगळे आवाज काढून. ऐन रंगात आलं की पुस्तक मिटून टेबलावर ठेवायची. "बाई, पुढे?" "पुढचं पुस्तकात आहे." बस्स. प्रश्नोत्तरं नाहीत, आणि 'या गोष्टीतून आपण काय शिकलो' तर मुळीच नाही. त्या एका प्रश्नाने किती चांगल्या गोष्टींचा जीव घेतला असेल, देव जाणे. स्टाफरूममध्ये एकांनी विचारलं, हे टाचणात कशाखाली दाखवता? मी 'प्रकट वाचन' लिहीत असे. खोटं थोडंच होतं?

त्या वर्गात एक मुलगा होता. जोडाक्षर आलं की अडायचा, आणि तो अडला की वर्ग फिदीफिदी हसायचा. त्यामुळे वाचायची पाळी आली की "बाई, घसा दुखतोय" हे ठरलेलं. एका शनिवारी माझाच घसा बसला होता. "आज कोण वाचेल?" म्हटल्यावर सगळ्यांच्या आधी हा उठला! पुढे काय होतं ते त्याला आत्ताच हवं होतं, दुसरं काही नाही. वाचू लागला. दुसऱ्याच ओळीत अडला. पण त्या दिवशी पुढच्या शब्दाकडे सगळ्यांचेच कान लागलेले. त्याने ओठांत अक्षरं जुळवली, शब्द उच्चारला आणि वर्ग खो खो हसला. पोरगं दचकलं. कान लाल झाले. माझ्याकडे बघितलं, मग मुलांकडे. हे हसणं आपल्याला नाही, बोक्याला आहे, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग मात्र सुटलाच. विनोदाच्या आधी जरा थांबावं लागतं, आणि याचं अडखळणं नेमकं तिथे कामी येत होतं. माझ्यापेक्षा जास्त हशा त्याने मिळवला.

पुस्तक घरी न्यायचा नंबर त्याने त्या आठवड्यात भांडून घेतला. पुढे त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, रोज रात्री धाकट्या बहिणीला वाचून दाखवतो, ती झोपली तरी थांबत नाही. त्याचं वाचन नंतरही काही फार वेगवान झालं नाही, हेही सांगते. पण घसा दुखायचा थांबला.

पुस्तकं मिळत नाहीत ही सबब भाचीने देऊ नये. तिच्या कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. फक्त वर्गात नेण्याआधी गोष्ट घरी एकदा मोठ्याने वाचून बघावी. आपल्याला हसू आलं नाही, तर दुसरी शोधावी.

माझी ती प्रत वर्षभर फिरली. खाकी कव्हर तीनदा बदललं. मार्चपर्यंत एका गोष्टीचं शेवटचं पान गळून पडलं, ते सापडलंच नाही. मग ज्यांनी आधी वाचलं होतं ते मधल्या सुट्टीत इतरांना शेवट सांगायचे. काही जण त्याबद्दल दोन बोरं घेत, असं पुढे कळलं. आणि प्रत्येकाचा शेवट थोडा थोडा निराळा असायचा.